घड्याळापुरतं बोला

३ मार्च, सोमवार

आज आयुष्याला कलाटणी मिळाली.

सकाळी अकराला दुकानात हवालदार आला. फुटपाथवरच्या स्टुलाबद्दल आला असेल असं वाटून मी स्टूल आत ओढलं. पण त्याच्या काखेत पोत्यात गुंडाळलेलं भिंतीवरचं घड्याळ होतं आणि हातात सरकारी पत्र. पत्रात माझ्या नावाच्या अलीकडे चक्क 'घड्याळतज्ज्ञ' असं टाइप केलेलं. एकतीस वर्षं लोक मला 'ओ घड्याळवाले' म्हणून हाका मारतात. सरकारला मात्र माणसाची पारख आहे.

प्रकरण साधं आहे. नोव्हेंबरात एका गुरुवारी दंतवैद्यांच्या घरातून सोन्याच्या दातांची डबी गेली. अकरा दात. घरची मंडळी दुपारी साडेतीनला बाहेर पडली ती संध्याकाळी सातला परतली. पाहतात तो कपाट उघडं, डबी गायब आणि कपाटाच्या वर टांगलेलं घड्याळ जमिनीवर. काटे तीन चाळीसवर. साडेतीन ते चार घरात एकटा रंगारी होता, जिना रंगवत होता. चारला तो निघून गेला हे शेजारच्यांनी पाहिलं. त्यानंतर तीन तास घर रिकामं आणि मागच्या दाराची कडी मोडकी. पण कपाट उघडताना घड्याळ पडलं, पडल्यामुळे बंद पडलं, म्हणजे चोरी तीन चाळीसला झाली, म्हणजे रंगाऱ्याने केली, असं सरकारचं म्हणणं. रंगारी तेव्हापासून कोठडीत आहे. आता सगळी भिस्त घड्याळावर. म्हणजे माझ्यावर.

संकल्प: कमी बोलायचं. तज्ज्ञ लोक कमी बोलतात. हे हिला जेवताना पाऊण तास समजावून सांगितलं.

४ मार्च, मंगळवार

पत्र फ्रेम करून घेतलं. त्या मापाची फ्रेम नव्हती, म्हणून फ्रेमवाल्याने पत्राचा खालचा भाग मागे दुमडला. तिथे काय लिहिलं होतं ते नीट वाचलं नाही. सरकारी पत्राच्या तळाला कोणाकोणाला प्रती पाठवल्या एवढंच असतं. 'तज्ज्ञ' हा शब्द बरोबर मधोमध आला आहे.

फ्रेम गल्ल्याच्या वर लावली. ही म्हणाली, तिथे आधी माझ्या वडिलांचा फोटो होता. मी म्हटलं, माझ्या सासऱ्यांनाही अभिमानच वाटला असता.

५ मार्च, बुधवार

सील फोडलं. भिंग डोळ्याला लावलं. प्रकृती फार वाईट. काचेला तडा, लंबकाचा हूक वाकलेला, आत धूळ आणि एक वाळलेला कोळी. तेलाचा नुसता चिकटा झालेला. स्प्रिंग तर पार उतरलेली. कोणी एवढं चांगलं आठ दिवसांचं घड्याळ असं ठेवतं? दंतवैद्य लोकांना दिवसातून दोनदा दात घासायला सांगतात आणि घरात ही तऱ्हा!

हात स्वस्थ बसेनात. सगळं सोडवून साफ केलं, तेल दिलं, हूक सरळ केला, माझ्याकडची नवी काच बसवली. चौदा वेळा चावी फिरवली तेव्हा कुठे स्प्रिंग भरली. काटे फिरवून बरोबर वेळ लावली. टिकटिक अशी काही सुरू झाली की शेजारचा लाँड्रीवाला बघायला आला. कोर्टाला सुखद धक्का बसेल.

किरकोळ काम संपलं. आता मुख्य प्रश्न: चोर कोण?

७ मार्च, शुक्रवार

चोर सापडला. रंगारीच.

पुरावा माझ्याच रजिस्टरमध्ये निघाला. गेल्या वर्षी तो मनगटी घड्याळाचा पट्टा बदलायला आला होता. शेऱ्यात मीच लिहिलंय: 'घड्याळ सात मिनिटं पुढे. दुरुस्तीस गिऱ्हाईकाचा नकार.' मुद्दाम पुढे ठेवतो म्हणाला होता. जो माणूस स्वतःच्या मनगटाशी खोटं बोलतो तो दुसऱ्याच्या कपाटाशी काय खरं वागणार? उलट दंतवैद्यांचं घड्याळ एका सेकंदानेही चुकत नाही. एकतीस वर्षांच्या निरीक्षणातून माझं हे शास्त्र तयार झालं आहे, फक्त आजवर ते कोणी विचारलं नाही.

कोर्टात सांगण्यासाठी निवेदन लिहायला घेतलं. सावलीवरून वेळ ओळखणाऱ्या आदिमानवापासून सुरुवात केली आहे. चार पानांत रंगाऱ्यापर्यंत पोचेन.

९ मार्च, रविवार

मेव्हणा जेवायला आला. हिचा धाकटा भाऊ, कोर्टात टायपिस्ट आहे. साक्षीदार बोलतात, साहेब सांगतात, हा टाइप करतो. बावीस वर्षं हेच.

त्याला निवेदन वाचून दाखवलं. दुसऱ्या पानावर त्याने पाणी मागितलं. मग म्हणाला, भाऊजी, तज्ज्ञाला त्याच्या विषयापुरतंच बोलता येतं. घड्याळ का बंद पडलं, एवढं सांगायचं आणि खाली उतरायचं. आरोपी दोषी की निर्दोष हे साहेब ठरवतात, तज्ज्ञ नाही. मागे म्हणे एका नळदुरुस्तीवाल्याला तज्ज्ञ म्हणून बोलावलं होतं. पाइप कशाने फुटला एवढंच विचारलं होतं. त्याने घरमालकिणीच्या स्वभावावर मत दिलं. साहेबांनी त्यातलं अक्षरही घ्यायचं नाही असं सांगितलं.

मी म्हटलं, नळवाला तो नळवालाच. मेव्हणा म्हणाला, बरं. त्याच्या आवाजात थोडा मत्सर जाणवला. बावीस वर्षं दुसऱ्यांचं बोलणं टाइप करणाऱ्याचं असं होणारच.

१२ मार्च, बुधवार

सरकारी वकिलांना भेटलो. दीड तास बाकावर बसवलं, मग सहा मिनिटं दिली. म्हणाले, तीन प्रश्न विचारीन. घड्याळ तुमच्याकडे आलं का? हो. ते पडून बंद पडणं शक्य आहे का? हो. काटे किती वाजले दाखवत होते? तीन चाळीस. संपलं. मी निवेदनाचं पहिलं पान काढलं तेव्हा ते उभे राहिले, त्यामुळे आदराने मीही उभा राहिलो आणि बोलता बोलता आम्ही दाराबाहेर आलो.

घड्याळ मी चालू केलंय हे सांगायचं राहून गेलं. असू दे. सरप्राइज.

१६ मार्च, रविवार

मुद्देमालाला चावी दिली. दर रविवारी देतो. अकरा दिवसांत अर्धा सेकंदही मागेपुढे नाही.

१८ मार्च, मंगळवार

साक्षीची तालीम. मी कपाटाच्या आरशासमोर, ही न्यायाधीश म्हणून पलंगावर. हातात लाटणं दिलं होतं. आदिमानवापाशीच तिने लाटणं आपटलं आणि विचारलं, तो माणूस खरंच चोर आहे का हो?

मी म्हटलं, पान चार.

ती म्हणाली, त्याची बायको समोरच्या शिंपीकाकांकडे शर्टांना बटणं लावते. नोव्हेंबरापासून. आधी घरीच असायची. कडेवर लहान मुलगी असते, तिला मशीनखाली निजवते. मी रोज बघते. तो चोर नसला तर तुम्ही काय कराल?

मी म्हटलं, शास्त्राला भावना नसतात. ती म्हणाली, शास्त्राला नसतील, तुम्हाला तर आहेत ना. मग न्यायाधीश आत जाऊन झोपले. तालीम अर्धवट राहिली.

२१ मार्च, शुक्रवार

दुकानात बसून समोर पाहिलं. बटणं लावणारी खरंच आहे. मान खाली घालून काम करते. एकदा तिने वर बघितलं, आणि मी उगाचच भिंग डोळ्याला लावलं. भिंगातून ती दिसेनाशी होते, म्हणून ते बराच वेळ तसंच ठेवलं.

२४ मार्च, सोमवार

शाळेच्या बाई त्यांचं गजराचं घड्याळ मागायला चौथ्यांदा आल्या. फेब्रुवारीत दिलेलं आहे. त्यांना फ्रेम दाखवली आणि फौजदारी प्रकरणाचा ताण सांगितला. त्या म्हणाल्या, गजर नसल्यामुळे मी तीनदा उशिरा पोचले, मुख्याध्यापकांना मीही तुमचं पत्र दाखवू का? घड्याळ तसंच घेऊन गेल्या. स्क्रू माझ्याकडेच राहिले.

संकल्प: खटला संपला की सगळी कामं एका आठवड्यात पूर्ण.

२९ मार्च, शनिवार

समन्स आलं. दोन एप्रिल. हवालदार घड्याळ न्यायला आला. नव्या काचेकडे बघून म्हणाला, हे तेच आहे का? मी म्हटलं, तेच, पण निरोगी. त्याने मान डोलावली. हवालदारालासुद्धा फरक कळतो.

लग्नातला कोट काढला. बटण लागत नाही. ही म्हणाली, समोर नेऊन सरकवून घ्या. मी म्हटलं, उघडाच बरा दिसतो.

२ एप्रिल, बुधवार. सकाळी ८

आज इतिहास.

२ एप्रिल, संध्याकाळी ६

सविस्तर लिहितो, कारण पुढे कोणाला तरी लागेल.

कोर्टाची खोली वाटली होती त्याहून लहान. पंखा तिरका फिरतो. आरोपीच्या पिंजऱ्यात रंगारी. फार बारीक झालाय. नखांच्या कडांना अजून हिरवा रंग आहे, दंतवैद्यांच्या जिन्याचा असेल. माझ्याकडे बघून त्याने ओळखीचं हसू आणलं. पट्टा बदलून दिला होता ना मी.

साक्ष सुरू व्हायच्या आधी मुद्देमाल टेबलावर ठेवला होता, आडवा. घड्याळ असं आडवं ठेवलेलं मला बघवत नाही. उभं केलं, भिंतीला टेकवलं, काटे जागेवर आणले, लंबकाला बोट लावलं. सगळं नकळत झालं.

साहेबांनी शपथ द्यायला सांगितलं. मी शपथ घेत होतो तेवढ्यात मुद्देमालाने अकराचे ठोके दिले. स्वच्छ, खणखणीत, बरोबर अकराला. अख्खं कोर्ट तिकडे बघायला लागलं. इतकी शांतता मी कुठल्याही घड्याळाला मिळालेली पाहिली नाही.

सरकारी वकिलांनी पहिला प्रश्न विचारला. हो म्हटलं. दुसरा विचारला. हो म्हटलं. तिसरा प्रश्न त्यांच्या तोंडातून निघाला खरा, पण घड्याळात तेव्हा अकरा वाजून दोन मिनिटं झाली होती, त्यामुळे काटे काय दाखवताहेत हे विचारताना ते थोडे अडखळले. साहेबांनी चष्मा काढला. विचारलं, पंचनाम्यात हे घड्याळ बंद आहे, मग चालू कसं? मी नम्रपणे सांगितलं की माझ्या हाताला यश आहे. साहेब म्हणाले, पत्रात स्पष्ट लिहिलं होतं की घड्याळात कोणताही बदल करू नये. मी म्हटलं, तो भाग फ्रेममध्ये मावला नाही.

मागच्या बाकावर कोणीतरी खोकलं. दंतवैद्य असावेत.

वातावरण जरा गंभीर झालं होतं, ते सावरायला मी निवेदन सुरू केलं. आदिमानव आला, वाळूचं घड्याळ आलं. साहेब म्हणाले, घड्याळापुरतं बोला. मी म्हटलं, तिकडेच येतोय. मनगटी घड्याळांवरून स्वभाव कसा ओळखावा यावर आलो. साहेब म्हणाले, घड्याळापुरतं बोला, या घड्याळापुरतं. मी सात मिनिटांचा मुद्दा काढला, रंगाऱ्याकडे बोट केलं आणि म्हटलं, असा माणूस सोन्याचे दात बघून गप्प बसेल हे माझ्या शास्त्रात बसत नाही.

तेव्हा साहेबांनी हात वर केला. म्हणाले, तुमचं मत आम्हाला सल्ला म्हणून हवंय आणि तेही तुमच्या कामातलं. गुन्हा कोणी केला याबद्दल इथे फक्त एका माणसाला मत असतं आणि तो मी आहे, आणि मलाही अजून नाहीये.

मेव्हण्याकडे पाहिलं. निवेदन सुरू झाल्यापासून तो हात मांडीवर ठेवून बसला होता, एक अक्षर टाइप केलं नव्हतं. भारावून गेला होता.

मग आरोपीच्या वकीलबाई उठल्या. फारच तरुण आहेत, माझ्या पुतणीएवढ्या. मला वाटलं फाडून खातील. पण किती गोड मुलगी! म्हणाल्या, घड्याळ चालू करायला तुम्हाला नेमकं काय काय करावं लागलं, सांगाल का?

महिन्याभरात मला हे कोणीच विचारलं नव्हतं. मी मनापासून सांगितलं. कोळी, तेल, हूक आणि शेवटी चौदा वेळा चावी. त्यांनी विचारलं, चौदाच का? मी म्हटलं, स्प्रिंग पूर्ण उतरली असली की चौदा लागतात. हे आठ दिवसांचं घड्याळ आहे, एकदा भरलं की आठ दिवस चालतं. दंतवैद्यांच्या जबाबात म्हटल्याप्रमाणे रविवारी चावी दिली असती तर गुरुवारी स्प्रिंग अर्धी भरलेली असायला हवी, म्हणजे सहा-सात फेऱ्यांत भागलं असतं. त्यांनी विचारलं, पडल्याबरोबर बंद झालं असतं तर स्प्रिंग आपोआप उतरली असती का? मला हसूच आलं. म्हटलं, बाई, लंबक थांबला की स्प्रिंग जिथल्या तिथे राहते. उतरायला घड्याळ चालावं लागतं. हे चालत चालत आपसूक थांबलेलं आहे.

मग विचारलं, केव्हा थांबलं? मी म्हटलं, तीन चाळीसला. कुठल्या दिवशी? मी म्हटलं, ते घड्याळ सांगत नाही. पडायच्या आदल्या दिवशी असेल, नाहीतर महिनाभर आधी. पडलं तेव्हा ते आधीच बंद होतं. एवढं मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो.

त्या एवढंच म्हणाल्या, आणखी प्रश्न नाहीत. आणि बसल्या.

आता मेव्हणा धडाधडा टाइप करत होता. सरकारी वकील कागदांत काहीतरी शोधत होते. पिंजऱ्यात रंगाऱ्याने दोन्ही हातांनी गज धरले होते. दंतवैद्यांना पुन्हा बोलावून विचारलं, तेव्हा ते म्हणाले की रंगकाम सुरू झाल्यापासून दोन-तीन रविवार चावी द्यायची राहिली असेल, नक्की आठवत नाही.

एकूण साक्ष उत्तम झाली. फक्त मधली दोन पानं सांगायची राहिली.

५ एप्रिल, शनिवार

सरकारी वकील फोन उचलत नाहीत. पुढच्या प्रकरणात गुंतले असावेत. मी त्यांना तीनदा कळवलंय की पुढच्या वेळी पूर्वकल्पना दिली तर निवेदन छोटं करून आणीन.

ही दोन दिवस फारशी बोलत नाही. काल विचारलं तर म्हणाली, बोट का केलंत त्याच्याकडे? मी शास्त्र सांगायला लागलो. तिने गॅस बंद केला आणि बाहेर जाऊन बसली.

१६ एप्रिल, बुधवार

निकाल लागला. रंगारी सुटला.

मेव्हण्याने निकालपत्राची प्रत आणली. एकोणचाळीस पानं. मी सत्ताविसाव्या पानावर आहे. पहिला परिच्छेद असा की, मुद्देमालात फेरफार केल्याबद्दल कोर्ट तीव्र नाराजी नोंदवतं. दुसरा असा की, या साक्षीदाराने आरोपीच्या मनगटी घड्याळावरून काढलेली मतं त्याच्या विषयाबाहेरची असून विचारात घेतलेली नाहीत. तिसरा अगदी छोटा आहे. साक्षीदार घड्याळं दुरुस्त करतो आणि दुरुस्ती करताना चावी किती फिरवावी लागली एवढं तो स्वतःच्या अनुभवावरून सांगू शकतो, तेवढ्यापुरतं त्याचं म्हणणं विश्वासार्ह आहे. त्यामुळे तीन चाळीस ही वेळ गळून पडते आणि तिच्याबरोबर आरोपीविरुद्धचं सगळंच.

आदिमानव नाही. शास्त्र नाही. 'तज्ज्ञ' हा शब्द एकोणचाळीस पानांत माझ्याबाबतीत एकदाही नाही. मेव्हण्याला विचारलं, टाइप करताना गळला का? तो म्हणाला, भाऊजी, नाही गळला.

दुपारी समोर गलका झाला. बटणं लावणारी मुलीला उचलून पळत सुटली, बोटातली शिवणाची टोपी तशीच, शिंपीकाका मागून चप्पल घेऊन धावले. ही दारात उभी राहून डोळे पुसत होती. मी भिंग लावलं होतं, पण हातात घड्याळ नव्हतं.

१७ एप्रिल, गुरुवार

फ्रेम काढली. पत्र मागून उलगडलं. शेवटच्या दोन ओळी वाचल्या. साहेबांचं बरोबर होतं. अधोरेखितसुद्धा केलं होतं.

सासऱ्यांचा फोटो पुन्हा लावला.

१९ एप्रिल, शनिवार

दुपारी रंगारी दुकानात आला. दाढी केलेली, सदरा इस्त्रीचा, पण गळ्याशी ढगळ. कडेवर मुलगी. मी काउंटरच्या मागे उभाच राहिलो. काय बोलावं सुचेना, हे मी आयुष्यात प्रथमच लिहितोय.

त्याने नमस्कार केला. म्हणाला, तुमच्यामुळे सुटलो. म्हणाला, आत गेलो तेव्हा ही पालथी पडायला शिकत होती, परवा बघतो तर उभी राहते धरून. तुम्ही ते चावीचं बोललात ना, तेव्हा वाटलं, आता घरी जाईन.

एरवी मी हे सगळं स्वतःकडे घेतलं असतं. घ्यायला तोंड उघडलंही. पण मुलगी माझ्याकडे टक लावून बघत होती आणि मला एकदम फार लाज वाटली. मी म्हटलं, अरे बाबा, ते मी तुझ्यासाठी बोललो नव्हतो. मी तुला आत घालायला आलो होतो. चार पानं लिहून आणली होती. तू चोर आहेस हे सांगायला.

तो म्हणाला, ठाऊक आहे की मला. तिथेच उभा होतो ना मी.

राग नव्हता त्याच्या आवाजात. त्याने मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं. मी स्टूल पुढे केलं. तो बसला.